पेशी स्वतःच स्वतःला वाढवतात म्हणजे नेमकं काय, आणि रिपोर्ट नॉर्मल आल्यावरही गोळी का चालू ठेवायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घर चोपडा तालुक्यात, केळीची शेती. तुमचे वडील, ज्यांना तुम्ही नाना म्हणता, ५४ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी पोटात डाव्या बाजूला जडपणा वाटत होता म्हणून दाखवलं, तर पानथरी (प्लीहा) वाढलेली आणि रक्तात पांढऱ्या पेशी १ लाख ८० हजार. सीएमएल या प्रकारचा ब्लड कॅन्सर निघाला. इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची रोजची गोळी सुरू झाली आणि परवाच्या रिपोर्टात पेशी ७,२०० वर आल्या. तिथल्या डॉक्टरांनी घाईत एक वाक्य सांगितलं, ‘या पेशी स्वतःच स्वतःला वाढवतात’. ते तुमच्या डोक्यातून जात नाही. तुम्ही विचारता: स्वतःच स्वतःला म्हणजे कसं? गूळ, दूध, केळी बंद केली तर त्या उपाशी मरतील का? आणि रिपोर्ट नॉर्मल आहे, नानांच्या पायात रात्री गोळे येतात, तर गोळी एक दिवसाआड दिली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, चालणार नाही. एक दिवसही आड करू नका. मी जळगावात बावीस वर्षं रक्तविकारांचे रुग्ण बघतोय आणि या एका गोष्टीवर माणसं वाचलेली आणि गेलेली दोन्ही पाहिली आहेत. पण नुसतं ‘नाही’ म्हटलं तर ते कोणी पाळत नाही. त्यामागचं कारण तुमच्या पहिल्या प्रश्नातच आहे, म्हणून ते नीट सांगतो.

आपलं रक्त हाडांच्या मगजात, म्हणजे बोनमॅरोत तयार होतं. धडधाकट माणसाच्या मगजातून रोज सुमारे २० हजार कोटी लाल पेशी बाहेर पडतात. पांढऱ्या पेशींचं कामही तसंच अखंड चालू असतं. पण यातली कुठलीही पेशी आपल्या मनाने वाढत नाही. तिला निरोप यावा लागतो. लाल पेशींसाठीचा निरोप मूत्रपिंडाकडून येतो, त्याचं नाव एरिथ्रोपोएटिन. डायलिसिसच्या रुग्णांना रक्तवाढीचं इंजेक्शन देतात ते हेच, कारण त्यांच्या मूत्रपिंडाकडून निरोप येणं बंद झालेलं असतं. पांढऱ्या पेशींसाठी जी-सीएसएफ, जीएम-सीएसएफ, आयएल-३ असे निरोपे आहेत. किमोनंतर पेशी खाली गेल्या की पोटाच्या कातडीत टोचतात ते इंजेक्शन म्हणजे जी-सीएसएफ. मेलबर्नचे डोनाल्ड मेटकाफ यांनी या निरोप्यांच्या शोधात सारं आयुष्य घातलं. निरोपा येतो, पेशीच्या अंगावरच्या रिसेप्टरला चिकटतो, आत संदेश जातो, पेशी दुभंगते. काम झालं की निरोप थांबतो आणि पेशीही थांबते. ताप उतरल्यावर वाढलेल्या पांढऱ्या पेशी आपोआप खाली येतात त्या यामुळेच.

हे मी रुग्णांना विहिरीवरच्या मोटरवरून समजावतो, कारण आपल्याकडे मोटर कोणाला सांगावी लागत नाही. हिरवं बटण दाबलं की स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर आत ओढला जातो, त्याचे पॉइंट जुळतात, मोटर चालू. लाल बटण दाबलं की पॉइंट सुटतात, मोटर बंद. आता समजा, ठिणग्या पडून पडून ते पॉइंट एकमेकांना चिकटून बसले. तुम्ही लाल बटण दाबा, हिरवं दाबा, काही उपयोग नाही. पाणी भरून वाफ्याबाहेर गेलं, बांध फुटला, शेजाऱ्याच्या शेतात घुसलं, तरी मोटर चालूच. कोणी बटण दाबलेलं नाही. मोटर आता हुकमावर चालत नाही, एवढंच झालंय. नानांच्या पेशींत झालंय ते हे.

तो चिकटलेला पॉइंट कुठला हेही आपल्याला अगदी नेमकं माहीत आहे, आणि कर्करोगाच्या बाबतीत असं भाग्य क्वचित लाभतं. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र दिसलं. तेरा वर्षांनी, १९७३ मध्ये, शिकागोच्या जॅनेट राउली यांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कापून जुळवत बसल्यावर उलगडा केला: ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांनी आपले तुकडे आपसांत बदलले आहेत. या अदलाबदलीत ९ वरचं एबीएल नावाचं जनुक २२ वरच्या बीसीआर या जनुकाला जाऊन जोडलं जातं. एबीएलचं प्रथिन म्हणजे एक स्विचच आहे. साध्या पेशीत त्याचं एक टोक दुमडून स्वतःवरच झाकणासारखं बसलेलं असतं, म्हणून ते एरवी बंद असतं. बीसीआरशी जोडलं गेलं की ते झाकण जातं. वर बीसीआरचा तुकडा अशा दोन-चार प्रथिनांना एकत्र बांधतो आणि ती एकमेकांना चालू करत राहतात. बाहेरचा निरोपा हवाच कशाला? आतल्या साऱ्या तारांतून एकच संदेश धावत राहतो: वाढ, मरू नको, मगज सोडून बाहेर पड.

हे डोळ्यांनीही दिसतं. निदानाच्या दिवशी नानांच्या रक्ताची नळी स्टँडवर तासभर उभी ठेवली असती, तर तुम्हालाच कळलं असतं. धडधाकट माणसाच्या नळीत खाली लाल थर, वर पिवळसर पाणी, आणि दोन्हींच्या मध्ये पांढऱ्या पेशींची इतकी बारीक रेघ की शोधावी लागते. सीएमएलच्या नळीत तिथे साय धरल्यासारखा जाड पांढरा थर असतो. मायक्रोस्कोपखाली एरवी एका नजरेत एक-दोन पांढऱ्या पेशी दिसतात. इथे सगळं मैदान भरलेलं, आणि त्यात अंगणवाडीपासून दहावीपर्यंतचे सगळे एकदम पटांगणात आलेले. ज्या कोवळ्या पेशी मगजातच असायला हव्यात, त्याही रक्तात फिरत असतात. मी इतक्या वर्षांत ती काच शेकडो वेळा पाहिली असेल, तरी दर वेळी क्षणभर थबकतो.

तुमच्या डॉक्टरांच्या वाक्यात आणखी एक अर्थ आहे आणि तो शब्दशः खरा आहे. १९८० साली स्पोर्न आणि तोडारो या दोन संशोधकांनी कल्पना मांडली की काही कर्करोगी पेशी निरोपा स्वतःच तयार करतात, बाहेर सोडतात आणि आपल्याच रिसेप्टरवर घेतात. घरच्याच माणसाने पत्र लिहायचं, पेटीत टाकायचं आणि त्यानेच उघडून वाचायचं. सीएमएलच्या अगदी मूळच्या पेशींत हे घडतं, असं कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं. त्या पेशी आयएल-३ आणि जी-सीएसएफ स्वतःच बनवतात. म्हणजे नानांच्या रोगात दोन्ही आहेत: स्टार्टर चिकटलाय, आणि वर हिरवं बटण दाबायला आतलाच माणूस बसलाय. पण मुख्य दोष स्टार्टरचा, आणि गोळी काम करते तीही तिथेच.

तुमच्यासारखेच प्रश्न दुसऱ्या ब्लड कॅन्सरच्या रुग्णांचे नातेवाईकही विचारतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. ‘ब्लड कॅन्सर’ हा एक रोग नाही, आणि स्वतःला वाढवण्याची रीत प्रत्येकाची वेगळी. तीव्र प्रकारच्या एएमएलमध्ये सुमारे तीस टक्के रुग्णांत एफएलटी-३ नावाचा रिसेप्टरच बिघडतो आणि निरोपा न येताही ‘आला, आला’ असं आत कळवत राहतो. त्याच्यावर मिडोस्टॉरिन हे औषध २०१७ पासून आहे. काही एएमएलच्या पेशी जीएम-सीएसएफ स्वतः बनवतात. लाल पेशी बेसुमार वाढणाऱ्या पॉलिसायथेमियात जेएके-२ या प्रथिनात एकाच ठिकाणी बदल झालेला असतो, हे २००५ मध्ये कळलं. असा बदल जवळपास ९५ टक्के रुग्णांत सापडतो. त्याच्या कितीतरी आधी, १९७४ मध्येच, प्रयोगशाळेत दिसलं होतं की या रुग्णांच्या पेशी एरिथ्रोपोएटिनचा थेंबही न घालता वाढतात. तेव्हा कारण ठाऊक नव्हतं.

मायलोमावर, म्हणजे हाडं पोखरणाऱ्या ब्लड कॅन्सरवर, मात्र मला जरा थांबायचंय, कारण आपल्या भागात तो फार उशिरा लक्षात येतो. त्यातल्या पेशी आयएल-६ या निरोप्यावर जगतात. थोडा त्या स्वतः बनवतात, पण बराचसा शेजाऱ्यांकडून उकळतात. मगजातल्या आधार देणाऱ्या साध्या, निर्दोष पेशींना त्या चिकटतात आणि त्यांनाच आयएल-६ तयार करायला लावतात. हाड पोखरणाऱ्या पेशींनाही उठवून बसवतात. हाड पोखरलं जातं तसे त्यातून वाढीचे आणखी पदार्थ सुटतात आणि ते पुन्हा मायलोमालाच मिळतात. म्हणून या रोगात कंबर दुखते, मणका दबतो. साठीच्या पुढच्या माणसाची कंबरदुखी महिनोन्महिने मालिशवर काढली जाते आणि आमच्याकडे येईपर्यंत मूत्रपिंडं गेलेली असतात. वयस्क माणसाची कंबरदुखी हटत नसेल, सोबत अशक्तपणा आणि हिमोग्लोबिन कमी असेल, तर रक्ताची प्रथिनं तपासून घ्या.

आता खाण्याचं. नानांची केळी बंद करू नका. दूध, भाकरी, वरण, अंडी, थोडा गूळ, सगळं चालेल. मधुमेह असेल तर गुळाचा हिशेब वेगळा. लोकांचा समज असा असतो की कर्करोगाच्या पेशीला अन्न तोडलं की ती मरते. पण मी वर सांगितलेले निरोपे आपल्या जेवणात नसतात. ती शरीरात बनणारी प्रथिनं आहेत आणि कोणी खाल्लीच तर पोटात पचून जातील. साखर कर्करोगाची पेशी वापरते हे खरं. पण तुम्ही एक दाणा साखर खाल्ली नाही, तरी यकृत रक्तातली साखर ठरलेल्या पातळीवर ठेवतंच. त्यामुळे उपाशी राहतात ते नाना, पेशी नव्हे. चिकटलेल्या स्टार्टरची मोटर विहिरीला पाणी कमी करून दुरुस्त होत नाही.

गुळवेल, निरनिराळे काढे आणि कसली कसली चूर्णं यांच्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो, नको. इमॅटिनिबची विल्हेवाट यकृतात लागते, आणि कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. यकृत बिघडलं की आम्हाला गोळी थांबवावी लागते. एका चांगल्या चाललेल्या उपचारात स्वतःच्या हाताने खोडा कशाला घालायचा? टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिनही इमॅटिनिबचा असर खूप कमी करतं, तेव्हा दुसरा कुठलाही डॉक्टर काही औषध लिहीत असेल तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा.

आता गोळीकडे येतो. एबीएलच्या स्विचला एक खोबण असते. तिथे एटीपी नावाचा ऊर्जेचा कण बसला की स्विच चालतो. इमॅटिनिब नेमकी त्या खोबणीत जाऊन बसते. स्टार्टरच्या पॉइंटमध्ये पाचर ठोकावी तशी. विशेष म्हणजे सीएमएलच्या पेशी या एकाच संदेशाच्या इतक्या अधीन झालेल्या असतात की तो तुटला की त्या मरू लागतात. १ लाख ८० हजारांवरून ७,२०० वर येणं ते हेच. मी शिकत होतो तेव्हा या रोगाला हायड्रॉक्सियुरिया, इंटरफेरॉन आणि ज्याला शक्य असेल त्याला बोनमॅरो ट्रान्सप्लांट, एवढंच होतं. २००१ मध्ये इमॅटिनिबला अमेरिकेत मंजुरी मिळाली. तेव्हा मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर सांगितला जाई. भारतीय कंपन्यांच्या गोळ्या त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळू लागल्या, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधाचा पेटंटचा दावा फेटाळल्यामुळे त्या मिळत राहिल्या. चोपड्याच्या शेतकऱ्याच्या हातात आज ती पट्टी आहे, त्यामागे ही सगळी वाट आहे.

पण पाचर कायमची नसते. घेतलेल्या गोळीतला रक्तातला निम्मा भाग साधारण अठरा तासांत निघून जातो. रोज नवी पाचर लागते ती म्हणून. एक दिवस चुकला की खोबणी रिकाम्या होऊ लागतात आणि ज्या पेशी उरल्या आहेत त्यांचे पॉइंट पुन्हा जुळतात. आणि पेशी उरलेल्या असतातच. निदानाच्या वेळी शरीरात अशा अंदाजे एक लाख कोटी पेशी असतात. सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारा नेहमीचा रिपोर्ट, नॉर्मल येतो तेव्हाही त्यातल्या हजारो कोटी शिल्लक असू शकतात. सीबीसीला त्या दिसतच नाहीत.

शिवाय मूळ पेशींचा प्रश्न. तुम्ही केळीवाले आहात, तुम्हाला हे मी सांगायला नको. खोडाच्या बाजूने पिलं येतात, तुम्ही ती विळ्याने जमिनीबरोबर कापता. पंधरा-वीस दिवसांनी त्याच जागेवर हिरवा कोंब पुन्हा वर. कारण कंद जमिनीत शाबूत आहे. सीएमएलच्या मगजातल्या मूळ पेशी त्या कंदासारख्या आहेत. वरच्या पेशी त्या चिकटलेल्या स्विचच्या अधीन असतात, म्हणून गोळीने मरतात. कंदातल्या पेशी तितक्या अधीन नसतात. गोळी असताना त्या दबून राहतात, मरत नाहीत. तुमच्या नानांचा ७,२०० चा रिपोर्ट म्हणजे नुकतीच पिलं कापलेली बाग आहे.

किती नियमित म्हणजे नियमित? लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मी प्रत्येक घराला सांगतो. ८७ रुग्णांच्या गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात चिप बसवली होती, झाकण कधी उघडलं याची नोंद ठेवणारी. नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत रोग पुरेसा खोल दबण्याची सहा वर्षांतली शक्यता ९४.५ टक्के निघाली. नव्वद टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८.४ टक्के. महिन्यात तीन गोळ्या चुकल्या की माणूस त्या दुसऱ्या गटात जातो. तुम्ही विचारता तसं एक दिवसाआड म्हणजे महिन्यात पंधरा चुकल्या.

साक्री तालुक्यातले एक काका माझ्याकडे यायचे. चौदा महिने छान चाललं. मग एकदा मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, माले आते काही तरास नही. गोयी कसाले खावानी?” मी समजावलं, त्यांनी मान डोलावली, आणि नंतर आलेच नाहीत. आठ महिन्यांनी मुलगा त्यांना गाडीत आडवं झोपवून घेऊन आला. पानथरी बेंबीपर्यंत, अंगावर निळे डाग, आणि काचेवर सगळ्या कोवळ्याच पेशी. रोगाने तीव्र रूप घेतलं होतं आणि तिथून परत आणणं मला जमलं नाही. तेव्हापासून मी मान डोलावण्यावर विश्वास ठेवत नाही. रुग्णाच्या घरच्या एकाला समोर बसवतो आणि त्याच्याकडून कारण वदवून घेतो. तुमच्या घरात ते माणूस तुम्ही आहात.

गोळी कधीच थांबत नाही असंही नाही. फ्रान्समध्ये १०० रुग्णांची गोळी मुद्दाम थांबवून पाहिली गेली. पण ते असे रुग्ण होते की ज्यांच्या पीसीआरमध्ये, म्हणजे बीसीआर-एबीएलचा अगदी बारीक अंशही शोधणाऱ्या रक्ततपासणीत, सलग दोन वर्षांहून जास्त काळ रोगाचा मागमूसही नव्हता. त्यातल्या सुमारे चाळीस टक्के लोकांत रोग परतला नाही. ज्यांच्यात परतला, त्यांच्यात तो बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच परतला, आणि लगेच पकडल्यामुळे गोळीने पुन्हा दबला. तो दिवस नानांनाही येऊ शकतो. पण तो काही वर्षांनंतरचा आहे आणि तो डॉक्टरांनी ठरवायचा आहे.

पायात गोळे येणं हा इमॅटिनिबचा नेहमीचा त्रास आहे, तसंच सकाळी डोळ्यांखाली सूज आणि मळमळ. त्यासाठी गोळी कमी न करता करण्यासारखं बरंच असतं. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका. रात्रीच्या जेवणात भाकरी अर्धी झाली की गोळी, वर मोठा पेला भरून पाणी, मग उरलेलं जेवण. केळीच्या बागेत दिवसभर घाम जातो, तेव्हा पाणी भरपूर प्यायला लावा. तरी गोळे थांबले नाहीत तर डॉक्टर कॅल्शियम, मॅग्नेशियम तपासतील आणि लागलं तर भरून काढतील. अगदीच सोसेना तर डॅसाटिनिब, निलोटिनिब अशा दुसऱ्या गोळ्या आहेत. काही रुग्णांत त्या खोबणीचा आकारच बदलतो आणि पाचर बसेनाशी होते, त्यांच्यासाठीही आता वेगळी औषधं आहेत. त्याची पहिली चाहूल लागते ती पीसीआरवरूनच.

म्हणून पुढचं काम हे: सीबीसीवर समाधान मानू नका, बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या. तीन महिन्यांना आकडा १० टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांना १ टक्क्याच्या आत आणि वर्षाला ०.१ टक्क्यापर्यंत यायला हवा. नानांना चार महिने झालेत, तेव्हा पहिला टप्पा ओलांडला का ते पाहायचंय. दर वेळी एकाच लॅबकडे द्या, म्हणजे आकड्यांची तुलना होते. आणि नमुना सोमवार ते गुरुवारच्या दरम्यान सकाळी द्या. आपल्याकडून तो बहुतेक मुंबई-पुण्याला जातो, आणि शनिवारी संध्याकाळी दिलेली नळी रविवारभर पडून राहिली की त्यातला तपासायचा आरएनए खराब होतो.

नाना शेतात जाऊ शकतात. पानथरी बरगडीखाली हाताला लागते आहे तोवर केळीचे घड खांद्यावर घेणं आणि पोटाला मार बसेल अशी कामं नकोत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना पानथरी हाताने तपासायला सांगा आणि ती किती बोटं राहिली ते वहीत लिहून ठेवा.